स्मृतिभ्रंश उष्ट्या भांड्यातून पसरत नाही

इंदूरच्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप समूहांत सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सर्वांत नेहमीचा प्रकार, हा विषाणूचा आजार असल्याचे सिद्ध झाले आहे, तो रुग्णाच्या सहवासातून घरात पसरतो, नागिणीची लस घेतली की तो होत नाही आणि झालाच असेल तर नागिणीवरच्या गोळ्यांनी बरा होतो, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. या संदेशाच्या मुळाशी खरे संशोधन आहे, म्हणून तो पटतो. पण त्या संशोधनातून काढलेले निष्कर्ष चुकीचे आहेत आणि त्यांचे परिणाम घराघरांत दिसू लागले आहेत. लोकमान्य नगरातल्या एका घरात आजींची ताटवाटी इतर भांड्यांत मिसळू नये म्हणून तिच्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला गेला, आणि त्यांच्याजवळ बसून गृहपाठ करणाऱ्या नातवाला दुसऱ्या खोलीत बसायला सांगण्यात आले. आजींना कारण उमगले नाही. आपल्या हातून काहीतरी चुकले असावे, एवढेच त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या.

पहिला दावा ‘सिद्ध झाले’ हा. ताप उतरताना ओठावर जी पुळी येते, तिला कारण असणाऱ्या हर्पिस सिम्प्लेक्स-१ या विषाणूचा डीएनए वृद्धांच्या मेंदूत असल्याचे ब्रिटनमधल्या रूथ इट्झाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवले, हे खरे आहे. (कांजिण्यांचा विषाणू शरीरात सुप्त राहून पुढे नागीण उठवतो, तो याच हर्पिस कुळातला, म्हणून संदेशात नागीण आली.) मात्र तो अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूत जसा सापडला, तसाच आजार नसलेल्या वृद्धांच्या मेंदूतही सापडला. पुढे १९९७ मध्ये याच गटाने असे मांडले की एपीओई-४ हे अल्झायमरची शक्यता वाढवणारे जनुक असलेल्यांच्या बाबतीत हा विषाणू धोका वाढवत असावा. फिनलंड आणि ब्रिटनमधल्या आरोग्य-नोंदींवर आधारलेल्या २०२३ मधल्या अभ्यासात विषाणूजन्य मेंदूज्वर होऊन गेलेल्यांमध्ये अल्झायमरचे निदान बरेच अधिक आढळले. हे सगळे धागे गंभीरपणे घेण्याजोगे आहेत. पण संसर्गामुळे आजार झाला, की आतून सुरू झालेल्या आजाराने प्रतिकारशक्ती खालावून संसर्गाला वाट मिळाली, हे अशा नोंदींवरून ठरत नाही.

दुसरा, सहवासातून पसरण्याचा दावा सर्वांत क्रूर आहे आणि त्याला कसलाही आधार नाही. जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे दोन-तृतीयांश लोकांच्या शरीरात हर्पिस सिम्प्लेक्स-१ आधीच आहे. बहुतेकांना तो लहानपणीच, घरच्यांच्या लाळेतून मिळतो आणि आयुष्यभर मज्जातंतूंच्या गाठींत सुप्त राहतो. यांतल्या बहुसंख्य लोकांना अल्झायमर कधीच होत नाही. तेव्हा आजींचे ताट वेगळे करून नेमके काय अडवले जाणार? अल्झायमर ‘संक्रमित’ झाल्याची जी बातमी २०२४ मध्ये आली, ती ब्रिटनमधल्या अशा मोजक्या रुग्णांची होती, ज्यांना बालपणी मृत व्यक्तींच्या पियुषिका ग्रंथींतून काढलेल्या वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शने दिली गेली होती. ती पद्धत १९८५ मध्येच बंद झाली, आणि रोजच्या सहवासातून किंवा सेवाशुश्रूषेतून हा आजार पसरत नाही, असे त्या संशोधकांनीच स्पष्ट केले. नागिणीचे ओले फोड असताना, कांजिण्या होऊन न गेलेल्या मुलांना आणि गर्भवतींना जपावे लागते, हे खरे. पण ती काळजी फोडांवर खपली धरेपर्यंतची असते आणि तिचा स्मृतिभ्रंशाशी काही संबंध नाही.

लसीचा दावा मात्र निम्मा खरा आहे, आणि त्यामागचे संशोधन फार सुंदर आहे. वेल्समध्ये १ सप्टेंबर २०१३ रोजी नागिणीची लस देणे सुरू झाले, तेव्हा २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच ती मिळण्याची सोय होती. त्याआधी जन्मलेल्यांना कायमची नाकारली गेली. जन्मतारखांत काही दिवसांचेच अंतर असलेल्या या दोन गटांत राहणीमान, शिक्षण, आजार असा कसलाच फरक संभवत नव्हता. निसर्गतःच घडून आलेल्या या प्रयोगातून, सुमारे २ लाख ८० हजार लोकांच्या नोंदी तपासून, लस घेतलेल्यांमध्ये पुढच्या सात वर्षांत स्मृतिभ्रंशाची नवी निदाने सुमारे एक-पंचमांशाने कमी झाल्याचे २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झाले, स्त्रियांमध्ये हा लाभ अधिक दिसला. एक-पंचमांश कमी म्हणजे ‘होतच नाही’ नव्हे. शिवाय ती जुनी, जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूची लस होती. आता भारतात पन्नाशीनंतर दिली जाणारी नवी लस वेगळ्या पद्धतीने बनते. नागीण स्वतःच म्हातारपणी महिनोन्‌महिने ठणकणारा आजार आहे, म्हणून लस घेण्याचा विचार डॉक्टरांशी बोलून जरूर करावा.

गोळ्यांचा दावा जिवावर बेतू शकतो. विषाणूविरोधी औषधे घेतलेल्या हर्पिसच्या रुग्णांत स्मृतिभ्रंश कमी दिसल्याचे २०१८ मध्ये तैवानच्या नोंदींवरून मांडले गेले होते, आणि त्यावरूनच आशा वाढली. म्हणून अमेरिकेत प्रत्यक्ष चाचणी झाली: सुरुवातीच्या अवस्थेतल्या अल्झायमरच्या, रक्तात हर्पिसची प्रतिपिंडे, म्हणजे त्या संसर्गाची खूण, असलेल्या १२० रुग्णांपैकी काहींना ७८ आठवडे रोज चार ग्रॅमपर्यंत व्हॅलासायक्लोव्हिर हे नागिणीवरही दिले जाणारे औषध आणि इतरांना औषध नसलेली गोळी दिली गेली. २०२५ मध्ये निकाल आला तेव्हा औषधाचा फायदा दिसला नाही. उलट आकलनाच्या मुख्य चाचणीत औषध घेणाऱ्यांची घसरण जास्तच निघाली. आजार जडण्यापूर्वी उपचार केला तर काय होईल, हा प्रश्न या चाचणीने मिटवलेला नाही, पण आजार जडलेल्यांना या गोळ्या देण्याला तिने आधार उरू दिलेला नाही. त्यात ही औषधे मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात. वयामुळे मूत्रपिंडे मंदावलेल्या माणसाच्या शरीरात ती साचली, तर भ्रम, असंबद्ध बडबड, नसलेली माणसे दिसणे असे प्रकार होतात, आणि घरच्यांना वाटते की मूळ आजारच बळावला. चिठ्ठीशिवाय या गोळ्या सुरू केल्या असतील, तर आजच डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

गोळ्यांच्या नादात ज्या तपासण्या राहून जातात, त्यांचे मला अधिक वाईट वाटते. बी-१२ ची कमतरता, थायरॉईडची मंदावलेली ग्रंथी, खोल नैराश्य, पडल्यानंतर कवटीत साचलेले रक्त, यांनीही माणूस विसरभोळा होतो आणि यांवर उपचार आहेत. आपल्याकडच्या शाकाहारी वृद्धांत बी-१२ कमी असणे तर नेहमीचेच. विसरणे लक्षात आल्यावर पहिल्याच भेटीत बी-१२ आणि थायरॉईडच्या रक्ततपासण्या मागून घ्याव्यात, कमी ऐकू येणेही विसरण्यासारखे भासू शकते म्हणून कानांची तपासणी करावी, आणि अलीकडे डोक्याला मार लागला असेल तर तो न विसरता सांगावा.