व्होल्टेज कमी केल्याने मारुती स्मूथ उडत नाही

चतुर्थी जवळ आली की वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो. देखाव्यातला मारुती वर-खाली करायचाय? 12 व्होल्टची गिअर मोटर, तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा धागा) आणि जुना अडाप्टर बस झाला, व्होल्टेज कमी करा की हालचाल एकदम स्मूथ, बाकी गाईड (मूर्ती सरळ वर-खाली सरकावी म्हणूनची पट्टी), वजनं, स्विच हा सगळा फालतू खर्च. पोरं यावर विश्वास ठेवून रात्र रात्र जागतात आणि ऐन आरतीला मारुती गचके खातो, म्हणून लिहितोय.

पहिलं व्होल्टेज. ते कमी केलं की स्पीडबरोबर मोटरची ताकदपण कमी होते, आणि थांबलेली वस्तू हलवायला जोर जास्त लागतो, चालती ठेवायला कमी. मग काय होतं, मोटर अडून बसते, घूं घूं करते आणि एकदम सुटते, तोच तो गचका. त्यापेक्षा मोटरच कमी आरपीएमची (मिनिटाला कमी फेरे घेणारी) घ्या आणि पूर्ण 12 व्होल्टवर चालवा. 10 आरपीएमच्या मोटरला 2 सेंटीमीटर व्यासाचं रीळ लावलं तर एका फेऱ्यात साधारण 6.3 सेंटीमीटर दोरी गुंडाळली जाते, म्हणजे सेकंदाला जेमतेम एक सेंटीमीटर, अजून हळू काय पाहिजे? स्पीड बदलायचाच असेल तर पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावा, तो वीज भराभर चालू-बंद करून पूर्ण व्होल्टेजचेच तुकडे देतो त्यामुळे मोटर दम सोडत नाही.

"गाईड नको" हे तर साफ चूक. नुसत्या दोरीवर मारुती गरागरा फिरणार. ड्रॉवरचं टेलिस्कोपिक चॅनल उभं लावा, काम झालं. लाकडी खाच करू नका, भाद्रपदातल्या दमट हवेत लाकूड फुगतं आणि अडकतं, साध्या लोखंडी सळीला आपल्या खाऱ्या हवेत गंज धरायला वेळ लागत नाही. आणि मूर्ती गाईडपासून लांब पुढे काढू नका, ती तिरकी ओढली जाते आणि जॅम होते.

तंगूस मासे धरायला उत्तम, पण तो रबरासारखा ताणतो, आधी ताणतो मग मारुती हलतो. विणलेली फिशिंग लाईन घ्या, बंदरावरच्या दुकानात मिळते.

आता वजन. 2018 पासून थर्माकोल बंद आहे, त्यामुळे मारुती पुठ्ठ्याचा नाहीतर कागदाच्या लगद्याचा, समजा 400 ग्रॅमचा. पुलीच्या दुसऱ्या बाजूला 350 ग्रॅमचं वजन सोडा, मोटरला उचलायला फक्त 50 ग्रॅम उरतात, चढताना-उतरताना स्पीड जवळपास सारखा राहतो. बरोबर 400 मात्र नको, दोरी ताठ राहायला मूर्तीची बाजू थोडी जड लागतेच.

आणि स्विच. रिळावर दोरी गुंडाळणार असाल तर वर-खाली लिमिट स्विच (मूर्ती टोकाला पोचली की मोटर उलटी फिरवणारे) लागतातच, नाहीतर मूर्ती पुलीत जाऊन आदळते, आणि स्विच लावले तरी प्रत्येक टोकाला मोटर एकदम उलटी फिरते तो झटका राहतोच. खरा उपाय क्रँक. मोटरच्या शाफ्टवर एक पट्टी बसवा, मध्यापासून 5 सेंटीमीटरवर खिळा, खिळ्याला दोरी सैल फिरेल अशी अडकवा आणि पुलीवरून मूर्तीला न्या, पुली जरा लांब ठेवा. मोटर एकाच दिशेने फिरत राहते, मूर्ती 10 सेंटीमीटर वर जाते आणि खाली येते, टोकाजवळ आपोआप मंदावते, थांबल्यासारखी वाटते आणि परतते. हे मी समोर बघितलंय, बघणाऱ्यांना मोटर आहे हे कळतही नाही. 5 आरपीएमची मोटर असेल तर 12 सेकंदांत एक फेरी होते. उंची जास्त हवी तर खिळा लांब सरकवा, पण जोरही त्याच प्रमाणात जास्त लागतो.

काही जण मायक्रोवेव्हच्या ताटाखालची मोटर वापरतात. ती सुरू होताना कुठल्याही बाजूला फिरू शकते, क्रँकला त्याने काही फरक पडत नाही, पण ती अनेकदा थेट 230 व्होल्टवर चालते आणि पावसाळ्यात ओलसर जमिनीवर, पोरांच्या हाताशी, मखराच्या मागे उघडी वायर मला मान्य नाही. 12 व्होल्टचीच लावा.