केळी झाकून ठेव म्हणे!

आज सकाळी दुसऱ्यांदा चहा सिंकमध्ये ओतला. आलं ठेचून घातलेला, मस्त उकळलेला चहा, आणि मधोमध पाय पसरून पडलेलं चिलट! काल मीटिंगमध्ये बोलता बोलता एक थेट नाकात गेलं.

घरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "केळी झाकून ठेव." अहो, दोन आठवड्यांत घरात केळं आलेलं नाही! आणि ही फळांवरची चिलटं नव्हेतच. ती लाल डोळ्यांची, गुटगुटीत. ही काळी, काटकुळी, डासाच्या पिल्लासारखी. मनीप्लांटची कुंडी जरा हलवा, भसकन उठतात. अंडी मातीत, अळ्या मातीत, तीन-चार आठवड्यांत नवी पलटण. एकेक मादी शंभर-दोनशे अंडी घालते, आणि मी इथे टाळ्या वाजवत चार-चार मारतेय.

व्हिनेगरची वाटी ठेवून झाली. घरभर चायनीजच्या गाडीचा वास, चिलटं मजेत. मातीवर दालचिनी भुरभुरवली. दालचिनी! भाव माहितीयत का? नर्सरीवाला म्हणतो, "मॅडम, कोकोपीट वाढवा, पाणी धरून ठेवतं." अरे बाबा, तो नारळाच्या काथ्याचा भुसा पाणी धरून ठेवतो हाच तर रोग आहे! आठ दिवस ऊन नाही, वर अर्धंकच्चं गांडूळखत. बाळंतपणाची एवढी सोय तर माझीही झाली नव्हती.

एकदा बटाट्याची चकती मातीवर पालथी ठेवली. दुसऱ्या दिवशी उचलली तर खाली काचेसारख्या पारदर्शक अळ्या, काळी चकचकीत डोकी, वळवळ. त्या रात्री बटाट्याची भाजी कोणी केली असेल तर शपथ.

मूळ दुखणं पाणी. मे महिन्यात मी हे आटोक्यात आणलं होतं हो! बोट दोन पेरं मातीत खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी, तेही खालून ताटलीत, आणि अर्ध्या तासाने उरलेलं ओतून द्यायचं. कुंडीत पिवळे चिकट कागद खोचलेले. आठवड्यातून एकदा पाण्यात बीटीआय, म्हणजे अळ्या मारणारे जिवाणू, डासांच्या अळ्यांसाठी वापरतात तेच. कागदावर आठवड्याला जेमतेम दोन-तीन चिकटायची.

मग जूनमध्ये दहा दिवस माहेरी गेले. परत येऊन बघते तर प्रत्येक ताटलीत तळं, मातीवर चहाचा चोथा, वर तांदळाचं धुवण. स्नेक प्लांटलासुद्धा! ज्याला पंधरा दिवस विचारलं नाही तरी चालतं, त्याला!

सासरे खुशीत. "काही काळजी करू नकोस, तू नव्हतीस म्हणून दोन्ही वेळ पाणी घातलं."

दोन्ही वेळ. पावसाळ्यात.

आणि आत्ता, हे लिहितेय तर बाल्कनीतून झारीचा आवाज येतोय.