घटपर्णीचं लाल पान म्हणजे ‘लाल्या’ नव्हे

उन्हाळ्यापासून एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला. त्यात घटपर्णीचे, म्हणजे पानाच्या टोकाला येणाऱ्या घटात किडे धरणाऱ्या झाडाचे, दोन फोटो आहेत, एक झाड तांबूस आणि एक गर्द हिरवं. खाली चार वाक्यं: ‘पानं लाल पडली म्हणजे झाड उन्हानं जळतंय. लगेच घरात अंधाऱ्या जागी हलवा. गर्द हिरवं पान हीच तब्येतीची खूण. घट लाल हवे असतील तर कुंडीत चमचाभर खत टाका.’ परभणीत ही झाडं मोजक्याच घरांत आहेत. त्यातलं एक, आमच्या शेजारचं, या मजकुरापायी अडीच महिने जिन्याखाली राहिलं, म्हणून हे लिहितेय.

पहिलं वाक्य आपल्याकडे लगेच पटतं, ते कपाशीमुळे. मानवतचे काका माझी कुंडी बघून म्हणाले, “पोरी, लाल्या आलाय की गं हिच्यावर.” लाल्या म्हणजे कपाशीची पानं लाल पडण्याचं दुखणं, त्यामुळे त्यांची शंका रास्त होती. कपाशीचं पान लाल होतं ते नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडल्यावर, तुडतुड्यांनी रस शोषल्यावर, पाण्याचा ताण पडल्यावर किंवा रात्री एकदम गारठल्यावर. तिथे लाली दुखण्याचीच असते. पण हाच रंग, अँथोसायनिन, निरोगी पानातही येतो. आंब्याची, पिंपळाची कोवळी पालवी आठवा. तांबडी असते आणि झाड ठणठणीत असतं. नाजूक पानाला न झेपणारा उजेड हे रंगद्रव्य वरच्यावर अडवतं. भरपूर उजेडातल्या घटपर्णीचं पान तांबूस होतं तेही यासाठीच.

मी काकांना एक पान उचलून दाखवलं. त्याच्यावर दुसरं पान आडवं आलं होतं. वरचं बाजूला सारलं तर खालच्या तांबूस पानावर त्याच्या सावलीचा हिरवा ठसा होता, कडा अगदी कातरल्यासारख्या. म्हणजे ही लाली उजेडानं आलेली होती. जळकं पान हाताला कळतं. सूर्याकडच्या बाजूला फिकट, मग तपकिरी डाग पडतो आणि तेवढा भाग कागदासारखा कुरकुरीत होतो. तांबूस पान मात्र ताठ असतं, टोकाच्या तणावाला, म्हणजे दोरीसारख्या तंतूला, घट धरत असतो. पानं लाल, नवी पानं आधीपेक्षा लहान आणि घटही नाहीत, असं असेल तर मुळांकडे आणि पाण्याकडे बघा. बोअरचं क्षाराचं पाणी या झाडाला सोसत नाही. पावसाचं किंवा आरओचं द्या.

‘अंधाऱ्या जागी हलवा’ यात निम्मी भीती खरी आहे. आपण ‘ऊन’ म्हणतो त्यात उजेड आणि ताप दोन्ही एकत्र येतात, आणि आपल्या वैशाखात तर ताप आधी येतो. भारतात रानात उगवणारी एकच घटपर्णी आहे, मेघालयातल्या खासी, गारो, जयंतिया डोंगरांतली नेपेन्थस खासियाना. तिथे उजेड मिळतो, पण हवा दमट आणि बरीच थंड. आपल्याला टाळायचाय तो ताप आणि कोरडी झळ. उजेड टाळायचा नाही. मी उन्हाळ्यात सकाळचं नऊपर्यंतचं कोवळं ऊन देते, नंतर ७५ टक्क्यांची शेडनेट. पश्चिमेची भिंत आणि पत्र्याखालची जागा मात्र नकोच. एवढं करूनही वैशाखात नवे घट येणं थांबतं, ते हवा कोरडी असते म्हणून. त्या वेळी झाड अंधारात नेलं तर हवा कोरडी ती कोरडीच राहते, वर उजेडही जातो.

गर्द हिरव्या पानाचं कौतुक मला सगळ्यात जास्त खुपतं. कमी उजेडात झाड पान रुंद, पातळ करतं आणि त्यात हरितद्रव्य ठासून भरतं, मिळेल तो उजेड धरायला. शेजारच्या झाडाचं पान वीतभराहून लांब झालं होतं, देखणं दिसत होतं, आणि एकाही तणावाला घट नव्हता. घरातला उजेड आपल्याला पुरेसा वाटतो, कारण डोळे जुळवून घेतात. भर दुपारी उघड्यावर सुमारे १ लाख लक्स उजेड असतो. खिडकीपासून दूर खोलीत कित्येकदा २००-३०० सुद्धा नसतो.

शिवाय रंग जातीवरही असतो. नेपेन्थस ॲम्पुलारिया या घटपर्णीची हिरवी जात चांगल्या उजेडातही हिरवीच राहते, त्यामुळे दोन वेगळ्या झाडांचे फोटो शेजारी ठेवून तब्येत ठरत नाही.

खताचं वाक्य तर झाडाच्या जिवावर उठणारं आहे. निकस जमिनीत नत्र मिळत नाही म्हणूनच हे झाड किडे धरतं. कुंडीत युरिया किंवा डीएपी टाकला तर मुळं जळतील. आणि नत्रानं पान लाल होत नाही, हिरवं होतं; युरिया दिलेली कपाशी आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

ज्यांनी झाड आत नेलंय त्यांनी ते एकदम बाहेर काढू नका, तसं केलं तर मात्र ते खरंच जळेल. आधी आठवडाभर उत्तरेच्या खिडकीत, मग नेटखाली, मग सकाळचं ऊन अर्ध्या तासानं वाढवत, असे तीनेक आठवडे जाऊ द्या. अंधारात वाढलेली पानं नव्या उजेडाला फारशी जुळत नाहीत, एखाद-दुसरं डागाळेल. त्याची काळजी करू नका. मधून येणारं नवं पान बघत राहा.