लिस्बनच्या वाटेवरचे दोन तुरुंग

गेल्या सप्टेंबरात मी पोर्तोहून लिस्बनला एकटाच मोटारसायकलने गेलो. फोटो टाकल्यापासून दोनच प्रश्न येत आहेत: गाडी कोणती होती, आणि एकट्याला कंटाळा आला नाही का? गाडी भाड्याची, होंडाची पाचशे सीसीची होती. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लांबणार आहे, कारण सोबत कोणी असते तर ज्या दोन ठिकाणांसाठी मी हा खटाटोप केला, तिथे मला मनासारखे थांबता आले नसते.

द्रुतगती मार्गाने हे अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आत संपते. मी समुद्राकाठचा रस्ता धरला आणि तीन दिवस घेतले. नाझारेच्या दक्षिणेला पेनिश हे मच्छीमारांचे गाव आहे आणि तिथे अगदी खडकांवर एक जुना किल्ला उभा आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत तो राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी कायदेभंग केल्यावर गोव्यात जी चळवळ पेटली, तिच्यातील त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, राम हेगडे आणि लक्ष्मीकांत भेंब्रे यांना येथे आणून डांबले होते. (काकोडकर म्हणजे अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकरांचे वडील.) आता तेथे संग्रहालय आहे. भेटीची खोली तशीच जपली आहे: एका बाजूला कैदी, दुसऱ्या बाजूला नातेवाईक आणि मध्ये काच. त्या काचेसमोर उभे राहिल्यावर माझ्या मनात एकच विचार आला, की समुद्रापलीकडच्या गोव्यातून या चौघांच्या भेटीला येणार तरी कोण होते? मी तेथे दोन तास होतो. बाहेर आलो तेव्हा वारा इतका सुटला होता, की साइड स्टँडवरची गाडी डोलत होती.

काबु द रोका, म्हणजे युरोपच्या मुख्य भूमीचे पश्चिम टोक, मी फोटोपुरते पाहिले. खरा रस्ता त्यापुढे आहे. कश्काइशपासून लिस्बनपर्यंत समुद्राला चिकटून जाणारा मार्जिनाल म्हणजे दुचाकीस्वाराची चैन: उजवीकडे पाणी, डावीकडे आगगाडीचे रूळ आणि एकामागून एक वळणे. याच रस्त्यावर काशियश लागते, माझा दुसरा तुरुंग तिथला. तेथे मी फसलो. पाण्याकाठी एक देखणा छोटा किल्ला दिसला, म्हणून गाडी लावून मी भक्तिभावाने त्याला प्रदक्षिणा घातली आणि मग कळले की तो सेंट ब्रुनोचा किल्ला. तुरुंग मागे टेकडीवर आहे. वर गेलो, पण तो आजही चालू तुरुंग असल्यामुळे आत जाता येत नाही. भिंत पाहायची आणि परत फिरायचे.

त्या भिंतीआड मोहन रानडे होते. मूळचे सांगलीचे, शिक्षक म्हणून गोव्यात गेलेले आणि गोवामुक्तीसाठी सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात सामील झालेले रानडे १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात गोळ्या लागून पकडले गेले. शिक्षा झाली २६ वर्षांची. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तरी रानडे सुटले नाहीत. त्यांची सुटका जानेवारी १९६९ मध्ये झाली.

माझे म्हणणे एवढेच आहे, की आपल्याकडच्या सहलींत लिस्बन म्हणजे बेलें हा तिथला नदीकाठचा भाग असतो आणि तेवढ्यावर भागवणे मराठी माणसाला शोभत नाही. बेलेंला जावे, मीही गेलो. जेरोनिमुश मठातील वास्को द गामाची समाधी पाहिली, गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कचा स्तंभावरचा पुतळा पाहिला, दालचिनी भुरभुरवून पास्तेल, म्हणजे तिथला कस्टर्ड भरलेला टार्ट, खाल्ले, दोन खाल्ले. पण नदीकाठचे ते ५२ मीटर उंचीचे दर्यावर्दींचे स्मारक १९६० मधले आहे, म्हणजे सालाझारच्याच राजवटीतले. आणि ते उभे राहिले तेव्हा रानडे कैदेत होते. त्या स्मारकापासून काशियश मोटारसायकलने पाव तासावर आहे. बस तेथे थांबत नाही, कारण पाहण्यासारखे काही नाही.

ज्यांना दुचाकीने जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. गाडी शहराच्या सपाट भागातच लावा. मी शहाणपणा करून अल्फामा या जुन्या वस्तीच्या चढावर नेली. दगडी फरसबंदी झिजून गुळगुळीत झालेली, त्यात ट्रामचे रूळ. ते जमेल तितके काटकोनात ओलांडायचे हे ठाऊक असूनही मी तिरका गेलो, पुढचे चाक घसरले आणि गाडी आडवी झाली. कोपऱ्यावरच्या एका आजोबांनी हातातली पिशवी खाली ठेवली, मला गाडी उचलायला हात दिला, रुळाकडे बोट दाखवून मान हलवली आणि पिशवी घेऊन ते निघून गेले. फुटलेल्या आरशाचे पैसे अनामतीतून गेले.

शेवटच्या सकाळी तेजू नदीवरचा झुलता पूल ओलांडला. आतल्या लेनमध्ये डांबराऐवजी लोखंडी जाळी आहे. तिच्यावर टायर गुणगुणतात, हँडल आपोआप डावी-उजवीकडे सरकते आणि ते घट्ट आवळण्याचा मोह टाळावा लागतो. आज या पुलाला २५ एप्रिलचे, म्हणजे हुकूमशाही संपवणाऱ्या १९७४ च्या क्रांतीचे नाव आहे. ऑगस्ट १९६६ मध्ये तो खुला झाला, तेव्हा त्याचे नाव सालाझार पूल होते. रानड्यांच्या सुटकेला तेव्हा अजून जवळजवळ अडीच वर्षे बाकी होती.