खाजनाचा बांध कोणत्या खात्याचा?

पाणी, ऊर्जा, अन्न आणि हवामान यांचे नियोजन एकत्रच व्हायला हवे, ही मांडणी २०११ च्या बॉन परिषदेपासून विकसनशील देशांपुढे वारंवार ठेवली जात आहे. गोव्याला ती नवी वाटू नये, कारण आपली खाजन शेती, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीत बांध घालून केलेली शेती, शतकानुशतके त्याच पायावर उभी आहे. मातीचा बांध खाडीचे खारे पाणी अडवतो. बांधातल्या मानशीचे, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेचे, लाकडी दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. त्याला वीज लागत नाही, पंपही लागत नाही. खारेपण सोसणारे कोरगुट भात, मानशीपाशी मिळणारी मासळी, काही ठिकाणी मिठागरे आणि मागच्या वस्तीची सुरक्षितता अशा साऱ्या गोष्टी त्या एका दारावर अवलंबून असतात. म्हणूनच दाराचा आणि बांधाचा कारभार पूर्वी गावकारीकडे, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या एकाच संस्थेकडे होता.

१९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले, आणि ते न्याय्यच होते. पण बांधाची जबाबदारी कूळ संघांकडे गेल्यावर अनेक ठिकाणी मानशीच्या मासळीचा लिलाव महत्त्वाचा आणि बांधाची डागडुजी दुय्यम ठरली. मासळीसाठी खारे पाणी गरजेपेक्षा जास्त आत घेतले की शेत नापीक होते. समुद्राची पातळी वाढत असताना आणि पाऊस थोड्या वेळात धो धो कोसळत असताना ही ढिलाई आता परवडणारी नाही. तरीही भात कृषी खात्याचे, मासळी मत्स्योद्योग खात्याची आणि पाणी जलस्रोत खात्याचे अशीच वाटणी चालू आहे.

विजेचेही तेच. गोवा आपली बहुतांश वीज बाहेरून घेतो. ती आणण्यासाठीच्या तम्नार वीज पारेषण प्रकल्पाची वाहिनी मोलेच्या जंगलातून आखली गेली, आणि त्याच जंगलातून येणारी खांडेपार नदी ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाला पाणी पुरवते. नवी वाट न तोडता वाहिनी जुन्या २२० के.व्ही. वाहिनीच्या पट्ट्यातूनच न्यावी, हे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. वीज आणि पाणी यांचा हिशेब आधीच एका टेबलावर मांडला असता, तर ही वेळ आली नसती, असे मला ठामपणे वाटते.

म्हादई नदीच्या पाण्यासाठी आपण लढतो आहोत आणि लढलेच पाहिजे. त्याच तळमळीने प्रत्येक खाजन गावात कूळ संघ, मासेमार, पंचायत आणि तिन्ही खात्यांचे अधिकारी यांची एक समिती नेमावी, मानशीच्या लिलावाचा पैसा आधी बांधावर खर्च करणे बंधनकारक करावे आणि त्याचा जमाखर्च दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ग्रामसभेत वाचला जावा, अशी माझी सरकारकडे मागणी आहे.