पिच्चर त्यांचा, आरोपी मी

रविवारी तांबडा-पांढरा ओरपून घरच्यांनी जमिनीला पाठ टेकली, की आमच्याकडं नवरा-बायकोचा जुना विनोदी पिच्चर लागतो. बाकीचे बघतात. मी तारखेला हजर राहतो.

पडद्यावरच्या नवऱ्यानं काहीही उद्योग केला तरी गुन्हा माझ्यावर दाखल! त्यानं पगारातले पैसे दडवले, की आमची ही मान वळवून माझ्याकडं बघणार. तो थाप मारताना कान खाजवायला लागला, की "बघा आई, ह्योच तो चेहरा!"

आईला त्याच्याशी कर्तव्य नसतं. 'अशी ही बनवाबनवी' तिला मुखोद्गत. १९८८ चा पिच्चर, पण अशोक सराफांनी तोंड उघडायच्या आत आई वाक्य टाकते आणि मग ते बरोबर म्हणाले म्हणून मान डोलावते. खोली मिळावी म्हणून दोन बाप्ये बायका होऊन राहतात, यावर तिचा अजून विश्वास आहे. पुण्यात खोली म्हटल्यावर माझाही आहे.

मधेच आबा उठून बसतात. "ह्यात नवीन काय? आपल्या कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या हंस कंपनीनं १९३८ लाच 'ब्रह्मचारी' काढला. अत्र्यांची लेखणी! गड्यानं लग्न न करायचा पण केला आणि मीनाक्षी शिरोडकर पोहायच्या पोशाखात आल्या. संपला पण!" इथं आईनं बघितलं, की आबा पुन्हा आडवे.

मला त्या नवऱ्यांचा खरा हेवा वाटतो तो थापेच्या आयुष्याचा. एक क्षुल्लक थाप, ती झाकायला दुसरी, मग खोटा मामा, खोट्या मिशा. बायकोला पत्ता लागेपर्यंत मध्यंतर होऊन वर तीन गाणी होतात. आमच्याकडं? बँकेत गर्दी होती म्हणून सांगत मी उंबऱ्यातच उभा होतो. हिनं चिमटीनं माझ्या मिशीतली भेळेची शेव काढली, उजेडात धरली आणि विचारलं, "खासबागेत कधी उघडली ही बँक?"

शेवटी पडद्यावर सगळी चाळ जमते, नवरा कान धरतो, बायको हसते. हिनंही डोळे पुसले. वेळ बरी दिसली म्हणून म्हटलं, "रात्री मित्रांनी मटणाचं रस्सामंडळ ठरवलंय, जेवायला जाऊ का?"

"जावा की," ही पदर खोचत म्हणाली. "मी पण माहेरी जाऊन येतो. भांडी तेवढी घासून ठेवा."

आबांनी कूस बदलली. "मटण शिल्लक आहे का बघ रे," म्हणाले, "तू घरातच असणार आहेस न्हवं?"