ट्रॅक्स रेकॉर्ड्स नक्की कोणाचं होतं?

हाऊस, म्हणजे यंत्रांच्या ठेक्यावर क्लबात नाचायचं संगीत, याचा विषय निघाला की तीन दावे एका दमात केले जातात: शिकागोच्या ट्रॅक्स रेकॉर्ड्स या लेबलने, म्हणजे रेकॉर्डी काढणाऱ्या कंपनीने, हाऊस जन्माला घातलं, त्याच्या तबकड्यांची खरखर ही मुद्दाम जपलेली शैली होती, आणि ते बड्या कंपन्यांना टाळणाऱ्या कलाकारांचं स्वतःचं लेबल होतं. मला ट्रॅक्सच्या रेकॉर्डी जिवापाड आवडतात. म्हणूनच हे खोडून काढल्याशिवाय राहवत नाही.

आधी जन्माचं बघू. ट्रॅक्स सुरू झालं १९८४ मध्ये. फ्रँकी नकल्स १९७७ पासून ‘वेअरहाऊस’ क्लबात रेकॉर्डी वाजवत होता, आणि ‘हाऊस’ हे नाव त्या क्लबावरूनच पडलं असं बहुतेक जण मानतात. १९८२ मध्ये त्याने तो क्लब सोडला, तेव्हा ट्रॅक्सचा पत्ताही नव्हता. पुढेही गाणं आधी क्लबात आणि मग लेबलकडे, असंच चालायचं. फ्यूचर या गटाने रोलँडचं टीबी-३०३ घेतलं. बास गिटारवाल्याची जागा भरून काढायला काढलेलं आणि बाजारात सपशेल आपटलेलं ते यंत्र. त्याची बटणं वाजता वाजता पिळत त्यांनी ‘ॲसिड ट्रॅक्स’ हे गाणं केलं. टेप आधी पोचली ‘म्युझिक बॉक्स’ क्लबात रेकॉर्डी वाजवणाऱ्या रॉन हार्डीकडे, आणि नाचणाऱ्यांनी ती डोक्यावर घेतली. ट्रॅक्सने रेकॉर्ड काढली ती १९८७ मध्ये.

खरखरीचं कारण तर अगदी साधं आहे. लेबलचा मालक लॅरी शर्मन याचा तबकड्या छापण्याचा स्वतःचा कारखाना होता आणि तिथे जुन्या तबकड्यांचं विनाइल वितळवून पुन्हा वापरलं जायचं. त्या काळची एखादी प्रत लावून बघा. सुई टेकते आणि पहिला सूर यायच्या आधीच कढईत काहीतरी तडतडावं तसा आवाज येतो. लॅरी हर्डच्या ‘कॅन यू फील इट’सारख्या तलम गाण्याला ती तडतड हवी होती, असं कोण म्हणेल? तो माल वाचवण्याचा प्रकार होता. त्याला शैली म्हणणं म्हणजे गाणं करणाऱ्यावर अन्याय आहे.

आता ‘कलाकारांचं लेबल’. जेसी साँडर्स आणि व्हिन्स लॉरेन्स हे कलाकार सुरुवातीपासून शर्मनसोबत होते, हे खरं. बड्या कंपन्या ढुंकूनही बघत नव्हत्या तेव्हा टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या मार्शल जेफरसनची रेकॉर्ड निघाली ती इथेच, हेही खरं, आणि त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण छापखाना ज्याचा, शब्द त्याचा. लेबल स्वतंत्र होतं म्हणून कलाकार स्वतंत्र झाले नाहीत. लॅरी हर्ड आणि गायक रॉबर्ट ओवेन्स यांनी २०२० मध्ये ट्रॅक्सवर दावा लावला: हक्क बळकावले, रॉयल्टी दिली नाही. २०२२ मध्ये तडजोड झाली आणि गाण्यांचे हक्क दोघांकडे परत आले. ‘कॅन यू फील इट’ निघालं होतं १९८६ मध्ये.